जुना लोखंडी पाइप: डागडुजी की बदल?

शहापुरातील मावशींच्या न्हाणीघरातील नळाला सकाळी आधी तांबडे पाणी येते, म्हणून गळका सांधा बदलावा की सगळे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप काढावेत, अशा पेचात त्या आहेत. डागडुजी स्वस्त पडते आणि भिंत फोडावी लागत नाही. पण आटे पाडलेल्या जागी पाइप सर्वांत पातळ असल्याने एक सांधा आवळताना शेजारचा तुटू शकतो, आणि आतून गंजाने अरुंद झालेल्या अर्ध्या इंची पाइपाची धार डागडुजीने सुधारत नाही. बदलायचे तर सीपीव्हीसी हा प्लास्टिकचा पाइप गंजत नाही, ९३ अंश सेल्सिअसपर्यंत गरम पाणीही सोसतो. मात्र तो उन्हात उघडा ठेवू नये, आणि फरशा फोडण्याचा मनस्ताप वेगळाच. पाइप भिंतीबाहेर असून एकाच जागी गळत असेल, तर तेवढा तुकडा बदलावा. मावशींसारखे पाणी तांबडे आणि धारही बारीक असेल, तर प्लंबरबरोबर गवंड्यालाही बोलवावे.