विंडोज ३.१ चे ट्युटोरियल : माऊस हाती धरण्याआधीचा धडा

संगणक शिकवण्याच्या बहुतेक प्रयत्नांची गाडी पहिल्याच वाक्यावर अडते, कारण ‘पुढे जाण्यासाठी येथे क्लिक करा’ असे ज्याला सांगितले जाते, त्याला नेमके क्लिक करणेच शिकायचे असते. मायक्रोसॉफ्टने एप्रिल १९९२ मध्ये विंडोज ३.१ बाजारात आणले. त्यासोबतचे ट्युटोरियल मी नुकतेच डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुने प्रोग्रॅम आजच्या संगणकावर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पुन्हा चालवून पाहिले आणि ही अडचण तेव्हाच कुणीतरी नीट ओळखली होती, हे त्याच्या पहिल्या पडद्यावरच दिसले. माऊस शिकायचा असेल तर एम दाबा, माऊस येत असेल आणि थेट विंडोजची ओळख हवी असेल तर डब्ल्यू दाबा, आणि सध्या काहीच नको असेल तर एस्केप दाबा, एवढाच तेथील मजकूर आहे. तिन्ही पर्याय कीबोर्डवरचे आहेत. ज्याला काहीच येत नाही त्याच्यापुढे न येणारी गोष्ट ठेवलेली नाही, आणि ज्याला येते त्याला सक्तीने बसवूनही ठेवलेले नाही.

मात्र या पडद्यापर्यंत पोहोचण्याची वाट तितकी विचारपूर्वक आखलेली नाही. विंडोज बसवून झाल्यावर सेटअप स्वतःहून ट्युटोरियल चालवायचे का असे विचारतो, तेथवर ठीक आहे. पण तो प्रश्न एकदा टाळला, किंवा दुकानदारानेच विंडोज बसवून यंत्र घरी पाठवले, की मग प्रोग्रॅम मॅनेजरच्या, म्हणजे विंडोज सुरू होताच दिसणाऱ्या मुख्य खिडकीच्या, हेल्प मेनूत जाऊन ते शोधावे लागते. मेनू उघडायला माऊस किंवा ऑल्ट कळ लागते, आणि ती नवशिक्याला कोण सांगणार?

धडे दोनच आहेत. पहिल्यात माऊस सरकवणे, क्लिक, डबल-क्लिक आणि ओढून नेणे यांचा सराव आहे. दुसऱ्यात खिडक्या उघडणे, हलवणे, लहान-मोठ्या करणे, मेनू आणि संवादचौकटी येतात. सांगितलेली कृती शिकणाऱ्याने स्वतः करायची असते आणि ती झाल्यावरच पुढचे येते. या शिस्तीचे महत्त्व कळण्यासाठी २०१२ मधील विंडोज ८ आठवावे. त्यात स्टार्ट बटण काढून टाकले होते आणि पहिल्यांदा लॉग-इन करताना ‘माऊस कोपऱ्यात न्या’ असे चलच्चित्र दाखवले जाई. ते पाहायचे असे, करायचे नसे, आणि ते गेल्यावर पुन्हा दिसतही नसे. त्याहून आधी, १९८४ च्या मॅकिंटॉशबरोबर मार्गदर्शनासाठी फ्लॉपी आणि ध्वनिफीत मिळत असे. कानात आवाज आणि हातात माऊस ही जोडी मला आजही हेवा वाटावी अशी वाटते.

परीक्षा म्हणून मी मावशीला ट्युटोरियलसमोर बसवले. तिला टच फोन उत्तम चालवता येतो, माऊस कधीच वापरलेला नाही. इंग्रजी सूचना मी मराठीत वाचून दाखवत होतो. सरकवणे आणि क्लिक करणे तिला लगेच जमले; माऊस टेबलाच्या कडेला पोहोचल्यावर तो उचलून पुन्हा मध्ये ठेवायचा असतो, हे मात्र तिला मलाच सांगावे लागले. खरा गोंधळ ओढण्यापाशी झाला. फोनवर बोट ओढले की पान सरकते. येथे बटण दाबून धरून ओढले की वस्तूच सरकते, आणि बटण सोडले की ती तेथेच पडते. १९९२ च्या शिकणाऱ्याची पाटी कोरी होती, आजच्या नवशिक्याची पाटी दुसऱ्याच सवयीने भरलेली आहे, आणि हे धडे आज नव्याने रचणाऱ्याने सुरुवात येथूनच करायला हवी.

डबल-क्लिकही तिला जमेना. पहिल्या आणि दुसऱ्या टिचकीच्या मध्ये माऊस किंचित हलत होता, आणि वेळही जात होता. कंट्रोल पॅनेलमध्ये माऊसच्या चौकटीत डबल-क्लिकचा वेग कमी करता येतो. मी तो कमी केला आणि चार-पाच प्रयत्नांत तिचे काम झाले. अशी सोय सरावाच्याच पडद्यावर हवी होती, कारण ती जेथे आहे तेथे जाण्यासाठी डबल-क्लिक करावे लागते.

फाइल मॅनेजर, म्हणजे साठवलेल्या फायली पाहण्याचा प्रोग्रॅम, शिकवणे हा या धड्यांचा विषयच नाही, त्यामुळे ‘मी लिहिलेले गेले कुठे’ या नवशिक्याच्या सर्वांत व्याकूळ प्रश्नाला त्यात उत्तर मिळत नाही. शिवाय सराव खऱ्या विंडोजमध्ये नसून तिच्या प्रतिकृतीत होतो. त्याने काही बिघडण्याची भीती जाते, पण बाहेर आल्यावर खऱ्या खिडक्यांशी पुन्हा पहिल्यापासून परिचय करावा लागतो.

खऱ्या खिडक्यांमधल्या सरावाची उणीव मी गेम्सच्या गटातील सॉलिटेअर उघडून भरून काढली. पत्ता ओढून दुसऱ्या पत्त्यावर टाकायचा, आणि एक्का सापडला की त्यावर डबल-क्लिक करून त्याला वरच्या रांगेत पाठवायचे. मावशीने पाऊण तास पत्ते खेळले, आणि त्यानंतर उठताना प्रोग्रॅम मॅनेजरची खिडकी शीर्षकपट्टीला धरून बाजूला सरकवली, मी न सांगता.