खिडकीशी ड्रोन आला तर वायफायचं काय? डब्ल्यूपीए३, रेडियस, केबल की जॅमर

गेल्या महिन्यात ओळखीच्या एका सीएंचा फोन आला, ठाण्यात आठव्या मजल्यावर ऑफिस आहे त्यांचं, बावीस माणसं. म्हणाले, अहो खिडकीबाहेर ड्रोन घिरट्या घालत होता, आपला डेटा खेचत असेल का, मला जॅमर, म्हणजे ड्रोनचा सिग्नल बंद पाडणारं यंत्र, बघा कुठे मिळतं ते. (तो ड्रोन बहुतेक समोरच्या हॉलमधल्या लग्नाचं शूटिंग करत असणार, पण असो.) मी म्हटलं साहेब, जॅमर राहू द्या, आधी वायफायचा पासवर्ड सांगा. तर पासवर्ड काय, ऑफिसचाच मोबाईल नंबर. तोच नंबर खाली बोर्डावर रंगवलेला.

भीती अगदीच खोटी नाही हां. २०२२ मध्ये अमेरिकेत पूर्व किनाऱ्यावरच्या एका फायनान्स कंपनीच्या गच्चीवर डीजेआय कंपनीचे दोन ड्रोन सापडले होते. लहान फँटमवर वायफाय पाइनॅपल बसवलेलं, म्हणजे खोटं वायफाय उभं करून माणसाला फसवायचं यंत्र, आणि मोठ्या मॅट्रिसवर रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर, छोटा लॅपटॉप, फोरजी मोडेम, बॅटऱ्या असा सगळा संसार. फँटमने काही दिवस आधीच एका कर्मचाऱ्याचं लॉगिन आणि वायफायची माहिती पकडून ठेवली होती, मग तीच वापरून मॅट्रिसवरून आत घुसायचा प्रयत्न झाला. संशय कसा आला, तर एकाच माणसाचा मॅक ॲड्रेस, म्हणजे डिव्हाइसचा ओळख क्रमांक, घरूनही चालू आणि ऑफिसातही! आणि घुसले ते कुठल्या नेटवर्कवर, तर ऑफिसातल्या बदलांच्या धांदलीत नीट सुरक्षित न केलेल्या एका दुय्यम नेटवर्कवर. मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ड्रोनने नवीन असं काहीच केलं नाही, पूर्वी जो माणूस पार्किंगमध्ये गाडीत बसून हे करायचा तो आता आठव्या मजल्याच्या काचेशी येऊ शकतो एवढंच.

म्हणून पहिली तुलना आकाशाची नाही, राउटरच्या सेटिंगची. डब्ल्यूपीए२, म्हणजे वायफायला कुलूप लावायची जुनी पद्धत, तिच्यात लॅपटॉप राउटरला जोडताना जी देवाणघेवाण होते, हँडशेक म्हणतात ती, ती ड्रोनने एकदा पकडली की झालं, ड्रोन परत गेला तरी चालतो, घरी बसून निवांत पासवर्ड ताडून बघत बसायचं. दहा आकडी मोबाईल नंबर म्हणजे साध्या गेमिंग ग्राफिक्स कार्डाला काही तासांचं काम. शिवाय पासवर्ड सापडला की हँडशेकसकट आधी पकडून ठेवलेला डेटाही उलगडतो. २०१८ साली आलेल्या तिच्या पुढच्या आवृत्तीत, डब्ल्यूपीए३ मध्ये, हा घरी नेऊन फोडायचा रस्ताच बंद आहे, प्रत्येक अंदाज राउटरसमोर उभं राहूनच लावावा लागतो, आणि पासवर्ड नंतर फुटला तरी जुना डेटा उलगडत नाही. वर डिव्हाइसला नेटवर्कवरून ढकलून देणारे खोटे डीऑथ संदेशही चालत नाहीत. फक्त एक गोम आहे, ती म्हणजे राउटरमधला डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ असा मिक्स मोड. लोक तो लावतात आणि डब्ल्यूपीए३ झालं म्हणून खूश होतात, पण हल्लेखोर डिव्हाइसला खाली डब्ल्यूपीए२ वर ओढू शकतो. जुनी डिव्हाइस असतीलच तर वेगळं नेटवर्क काढा. आणि नेटवर्कचं नाव लपवणं, मॅक फिल्टर लावून ठरावीक डिव्हाइसनाच आत सोडणं वगैरे सोडून द्या, मॅक ॲड्रेस हवेत उघडाच फिरत असतो.

घर किंवा पाच-सहा माणसांचं ऑफिस असेल तर डब्ल्यूपीए३ आणि वीस-एक अक्षरांचा पासवर्ड, बास. पण या सीएंकडे दरवर्षी आर्टिकलशिपची पोरं येतात-जातात आणि प्रत्येकाबरोबर पासवर्डही बाहेर जातो, तिथे एंटरप्राइज मोड म्हणजे लॉगिन तपासणारा रेडियस सर्व्हर बरा, प्रत्येकाचं वेगळं लॉगिन, माणूस गेला की त्याचं बंद. इथेही नुसतं युजरनेम-पासवर्डवर थांबू नका, कारण लॅपटॉप सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, तपासत नसेल तर खिडकीबाहेरचं खोटं वायफाय तेच लॉगिन गिळतं. पासवर्डऐवजी प्रत्येक मशीनवर सर्टिफिकेट टाकायचं, या पद्धतीला ईएपी-टीएलएस म्हणतात. सेटअपला डोकेदुखी आहे, खोटं कशाला बोलू, दोन शनिवार जातात.

केबल? ज्या मशीनवर टॅली आणि बँकेचं काम चालतं तिथे माझं मत सरळ केबल, ड्रोनला तिथे ऐकायला काही उरतच नाही. मात्र केबल लावून त्याच मशीनचं वायफाय चालू ठेवलं तर उपयोग शून्य, आणि हे दहापैकी नऊ ठिकाणी दिसतं मला.

सिग्नल कमी करणं हा जोडीला ठीक उपाय आहे. राउटर खिडकीतून काढून आतल्या भिंतीवर, ट्रान्समिट पॉवर कमी. काचेवर धातूच्या थराची फिल्मही मिळते, सिग्नल बऱ्यापैकी अडवते, पण ड्रोनवर चांगला अँटेना असला तर उरलंसुरलंही पकडेल, आणि फिल्म लावल्यावर आत मोबाईलची रेंज गेली की स्टाफच्या शिव्या तुम्हाला.

ड्रोन ओळखायची यंत्रं बहुतेक रिमोट आणि व्हिडिओचा सिग्नल शोधतात, गच्चीवर उतरून गप्प बसलेला ड्रोन त्यांना सहसा दिसत नाही, त्यापेक्षा वॉचमनला गच्चीवर रोज एक चक्कर मारायला सांगा. आणि जॅमर, तर भारतात खासगी ऑफिसला तो वापरताच येत नाही, शिवाय बरेच ड्रोन वायफायच्याच २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे पहिलं बंद पडणार ते आपलंच इंटरनेट. ड्रोन पाडायच्याही भानगडीत पडू नका, फोटो काढा आणि पोलिसांना कळवा.

सीएंनी शेवटी रेडियस घेतलं, सहा मशीनला केबल, पाहुण्यांना वेगळं वायफाय. प्रिंटर तेवढा अडला, जुना आहे, त्याला डब्ल्यूपीए२ च्या पुढचं काही कळत नाही आणि क्लायंटची रिटर्न्स तर तिथूनच निघतात, मग त्याचं वायफाय बंद करून कपाटामागून पिवळी केबल ओढली.