घरचं डायालिसिस की सेंटरचं? बडोद्याचा पावसाळा धरून

सासऱ्यांची, म्हणजे आमच्या दादांची, मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आठवडाभर हीच चर्चा होती: घरी पोटातून डायालिसिस करायचं (नळीने पोटात औषधी पाणी सोडायचं, काही तासांनी ते बॅगेत काढून घ्यायचं) की सेंटरवर जाऊन मशीनने रक्ताचं? आम्ही पोटाचं निवडलं. आता ओळखीत कुणावर ही वेळ आली की मला फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला: "पोटात माती-पाण्यातले भलतेच जंतू जातात म्हणे, खरं का?"

खरं आहे, पण क्वचित. पोटातला संसर्ग बहुतेकदा आपल्याच कातडीवरच्या, नाहीतर आतड्यातल्या जंतूंनी होतो. नळी जोडताना टोकाला बोट लागलं, तेवढं पुरतं. उष्ण प्रदेशातले दुर्मीळ जंतू नंतरचे. तरी बडोद्यात त्यांचा विचार करावाच लागतो, कारण आपल्याकडे पुरात विश्वामित्री नदी घरात येते.

त्यातला सगळ्यात फसवा मेलिओइडोसिसचा. १९१२ साली व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी रंगूनच्या रुग्णांवरून या आजाराचं वर्णन केलं. जंतू ओल्या मातीत आणि गढूळ पाण्यात राहतो, मोठ्या पावसानंतर रुग्ण वाढतात. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना तो लवकर गाठतो. कातडीवरच्या चिरेतून शिरतो, श्वासातूनही शिरतो. म्हणजे सेंटरवर गेलं की तो टळला, असं नाही.

फरक दुसरीकडे आहे. रक्ताच्या डायालिसिससाठी मानेत नळी असेल तर जंतू थेट रक्तात जातो. हातात फिस्टुला (शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) झालेला असेल तर धोका बराच उतरतो. पोटाची नळी मात्र चोवीस तास अंगावर असते, आणि ती जिथून बाहेर येते ती जागा रोज जपावी लागते. नळाच्या पाण्यात सापडणारे क्षयरोगाच्या जातकुळीतले काही जंतू याच जागेवर चिवटपणे बसतात. मग बऱ्याचदा नळीच काढावी लागते.

पण पोटातला संसर्ग डोळ्यांना दिसतो, आणि माझ्या मते ही फार मोठी सोय आहे. दादा रोज सकाळी बाहेर आलेली बॅग वर्तमानपत्रावर ठेवतात. खालची अक्षरं वाचता आली तर ठीक. एका श्रावणात अक्षरं दुधात बुडाल्यासारखी दिसली, पोटही दुखत होतं. बॅग न फेकता तशीच घेऊन आम्ही तासाभरात हॉस्पिटलात पोचलो. साधाच जंतू निघाला, औषधांनी आवरला.

दुर्मीळ जंतू असता तर मात्र सगळी भिस्त लॅबवर असते. मेलिओइडोसिसचा जंतू अहवालात कधी नुसता 'स्यूडोमोनास' या दुसऱ्याच जंतूच्या नावाने येतो. सुरुवातीला जी प्रतिजैविकं देतात त्यातलं जेंटामायसिन त्याला सहसा लागू पडत नाही. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन दोन्हींना दाद देत नाही, पण अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटला देतो, असा अहवाल आला तर डॉक्टरांना या आजाराचं नाव घेऊन विचारा. संकोच करू नका. उपचार लांबलचक असतात: शिरेतून सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम किमान दहा ते चौदा दिवस, मग साधारण तीन महिने गोळ्या.

आता पुराचं. ऑगस्ट २०२४ मध्ये शहरात पाणी भरलं, कितीतरी भागांत वीज गेली. सेंटरवर आठवड्यातून तीनदा जाणाऱ्यांचे त्या दिवसांत फार हाल झाले. आमच्याकडे वरच्या मजल्यावर बॅगांचा साठा होता. हाताने बदलायची बॅग खुंटीवर टांगली की तिला वीज लागत नाही. रात्री झोपेत आपोआप बॅगा बदलणारं मशीन घेणार असाल तर मात्र हाताने बदलायचं आधी शिकून ठेवा. पाणी ओसरल्यावर खालचा चिखल दादांना उपसू दिला नाही. तुळशीची कुंडी हलवायलाही नाही. ते दोन दिवस रुसून होते.

तेव्हा माझं मत असं. वरच्या मजल्यावर दार-खिडकी लावता येईल अशी कोरडी खोली आहे, पंखा बंद करून, मास्क लावून दिवसातून तीन-चार वेळा अर्धा-पाऊण तास देणारं माणूस आहे, तर घरचं घ्या. तळमजल्यावर ओल असेल, रुग्णाचे हात कापत असतील, नजर अधू असेल आणि मदतीला कुणी नसेल, तर सेंटरचं घ्या आणि फिस्टुला लवकर करून घ्या. शेतीवाडीत रोज मातीत हात घालणाऱ्याला मी घरचं नको म्हणणार नाही, पण हातमोजे आणि गमबूट हवेतच, आणि नळीची जागा कोरड्या पट्टीखाली झाकलेली हवी. विहिरीत, तलावात उतरणं बंद.

आणि ठरवण्याआधी तुमच्या डॉक्टरांच्या टीमला एक गोष्ट जरूर विचारा: रविवारी रात्री अकराला बॅग गढूळ आली तर फोन कोण उचलेल, आणि ते पाणी कल्चरच्या (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीच्या) बाटलीत त्याच रात्री कोण भरेल? याचं नाव-नंबरासकट उत्तर मिळेपर्यंत आम्ही पोटात नळी बसवून घेतली नव्हती.