झुमाइयाची बोट: मराठवाड्याच्या माणसानं नक्की घ्यावी अशी फेरी

सॅन सेबास्टियनला गेलेलं पब्लिक बहुतेक तिथल्याच बीचवर बसतं, फोटो काढतं अन् पुढच्या शहराला निघतं, त्यांच्यासाठी हे लिहायलो. एक दिवस काढा आणि झुमाइयाला जा. स्पेनच्या उत्तरेला, बास्क मुलखात, उरोला नदी समुद्राला मिळते तिथलं हे छोटं गाव. युस्कोत्रेनची छोटी रेल्वे थेट जाते, पाऊण-एक तास लागतो, गाडी स्वच्छ होती अन् बसायला जागा मिळाली. आम्ही सगळे संभाजीनगर-परभणीकडचे कॉलेजचे दोस्त, त्यातला एक तिकडंच नोकरीला आहे, त्याला स्पॅनिश येतं म्हणून बुकिंग त्यानंच केलं.

मेन गोष्ट म्हंजे जिओपार्कची गाईडसोबतची बोट. झुमाइया, देबा अन् मुत्रिकु या तीन गावांचा किनारा मिळून युनेस्कोचा जिओपार्क, म्हंजे दगड-भूगर्भाचा वारसा म्हणून जपलेला प्रदेश आहे. बोट नदीतून बाहेर पडून समुद्रात आली आणि समोर कडे दिसले तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात बडबड्यानंसुद्धा तोंड बंद केलं. तलाठ्याच्या कपाटात फायली उभ्या खोचाव्यात तसे दगडाचे थर, एक कडक चुनखडीचा, एक मऊ मातकट, परत कडक, परत मऊ, असे लांबच लांब. याला फ्लिश म्हणतात. हे सगळं खोल समुद्राच्या तळाला आडवं साचलेलं, नंतर स्पेनचा भूभाग युरोपला येऊन धडकला, पिरेनीज पर्वत वर आला आणि त्या रेट्यात हे थरही तिरपे-उभे झाले. काही भागात तर कडक-मऊ अशी एक जोडी साचायला साधारण 20 हजार वर्षं लागलीत, पृथ्वीचा अक्ष डोलतो अन् त्यानं हवामान बदलतं, त्याच्या हिशोबानं.

आता आपल्या कामाची गोष्ट. या थरांत एक पातळ काळपट पट्टी आहे, 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीची, डायनासोर संपले तेव्हाची. तिच्यात इरिडियम सापडतं, जमिनीवर क्वचितच मिळणारा पण उल्केत भरपूर असणारा धातू, मेक्सिकोजवळ पडलेल्या उल्केची खूण. गाईड ते सांगत सांगत म्हणाली की त्याच सुमाराला भारतात दख्खनला लाव्हा वाहत होता अन् त्या विनाशात त्याचा किती हात होता यावर अजून वाद चालू आहे. आमच्या दोस्तानं लगेच तिला सांगितलं, आम्ही त्याच दगडावरचे आहोत! मी मोबाईलवर वेरूळच्या कैलासाचा फोटो दाखवला, हे आख्खं देऊळ त्याच लाव्ह्याच्या दगडात वरून खाली कोरलंय म्हणून. तिनं फोटो मोठा करून बघितला, बाकीच्या लोकांनाही दाखवला, आणि नंतर उलट आम्हालाच प्रश्न विचारायली. देवगिरीचा किल्ला लहानपणापासून बघतो आपण, पण तो दगड तयार होत होता तेव्हा इकडं समुद्राच्या तळाशी ही पट्टी साचायली होती, हे त्या बोटीवर उभं राहून पहिल्यांदा नीट डोक्यात शिरलं. अंगावर काटा आला खरंच.

बोटीत खटकलं ते एवढंच की गाईड जवळपास सगळं स्पॅनिशमधे बोलली, इंग्रजीत थोडंच. त्यामुळं बुक करतानाच कोणत्या भाषेची फेरी आहे ते बघून घ्या. समुद्र खवळला तर फेरी निघत नाही, आणि उन्हाळ्यातसुद्धा वारा गार लागतो, जॅकेट ठेवा.

बोटीनंतर इत्सुरुन बीचवर जा, पण ओहोटीची वेळ बघूनच. आपल्याकडं समुद्र नाही त्यामुळं हे लक्षात येत नाही, भरतीला तो बीच जवळजवळ गायब होतो. ओहोटीला मात्र थरांना हात लावता येतो, जे बोटीतून होत नाही. तिथं कड्यावर भूगर्भशास्त्रज्ञांनी ठरवलेल्या दोन जागतिक खुणा पण आहेत, दोन कालखंड जिथं सुरू होतात त्या, जगभरात त्या काळाचं मोजमाप या कड्यावरून धरतात. दगड निसरडे आहेत, चपला नकोत, पक्के बूट. वर कड्यावर सान तेल्मोचं छोटं पांढरं चॅपल आहे, तिथून फोटो भारी येतात.

जेवणाचं सांगतो. दुपारी साडेतीन-चारनंतर किचन बंद होतात, आम्ही वेळेत पोचलो. माशे खाणाऱ्यांची चंगळ, ताजी अँकोवी अन् ग्रिल केलेला मासा जबरदस्त होता. अंडं खाणाऱ्याला बटाटा-अंड्याचं तोर्तिया पोटभर होतं, पण शुद्ध शाकाहारी दोस्ताला ब्रेड, चीज अन् भाजलेल्या मिरच्या एवढंच मिळालं, त्यानं घरून आणलेल्या धपाट्यांवर भागवलं. तसं काही सोबत ठेवाच.

रेटिंग: बोट पाचपैकी साडेचार, अर्धा भाषेचा कापला. बीच पाचपैकी पाच. पैसे कमी असतील तर बोट सोडा, पण ओहोटीचा बीच सोडू नका. फक्त पोहायला अन् लोळायला बीच हवा असेल तर थोडं अलीकडं झाराउत्सला उतरा, तिथं लांबलचक वाळू आहे. आणि कोणी भूगोलाचे, जिऑलॉजीचे सर-मॅडम वाचत असतील तर तुम्ही तर जाच, अन् वेरूळच्या दगडाचे चांगले फोटो मोबाईलमधे घेऊन जा.