धोबीतलावचा घडीचा मॅग्नेटिक बोर्ड : स्टॉपरच्या नजरेतून

फुटबॉलमधला स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू, कोच होतो तेव्हा पहिली अडचण सांगण्याची असते. बचावपटूंची लाइन कधी वर न्यायची हे खेळताना पायांना आपसूक कळतं; तेच हाफटाइमच्या 15 मिनिटांत पोरांच्या डोक्यात उतरवायला पाटी लागते. बचावपटू चांगला कोच होतो, यात शंका नाही. जर्मनीचा बेकेनबाउर 1974 साली कर्णधार आणि 1990 साली प्रशिक्षक म्हणून विश्वविजेता झाला. आपल्या मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं 2005-06ची राष्ट्रीय लीग जिंकली ती डेरिक परेरांच्या हाताखाली. तेही मूळचे बचावपटूच.

मुंबईत धोबीतलावच्या खेळसाहित्याच्या दुकानांत अशी पाटी, म्हणजे मैदान छापलेला, घडी होणारा, रेक्झिन कव्हरचा मॅग्नेटिक बोर्ड मिळतो. जाताना मोजपट्टी न्या. 105 बाय 68 मीटरचं मैदान 1:200 प्रमाणात 52.5 बाय 34 सेंटिमीटर होतं आणि पेनल्टी बॉक्सची खोली 8.25 सेंटिमीटर. छपाईत बॉक्स याहून मोठा असेल तर तो बोर्ड घेऊ नका, पोरं लाइन चुकीच्या जागी धरायला शिकतात. खेळाडू दाखवणारी चुंबकाची सोंगटी 2 सेंटिमीटरचीच हवी. मग दोन स्टॉपरमधलं 8 मीटर अंतर दाखवताना मधे बरोबर एक सोंगटी मावते, आणि विरोधी स्ट्रायकर नेमका तिथेच घुसतो हे न बोलता दिसतं. ए4 आकाराच्या पाटीवर हेच दोघं एकमेकांना चिकटतात; ती अकरा जणांच्या खेळाला निरुपयोगी.

घडी मध्यरेषेवर हवी. उभ्या घडीची फट दोन्ही गोलांमधून जाते, म्हणजे ऐन स्टॉपरच्या जागी चुंबक धरत नाही. बोर्ड उभा धरा, आपला गोल खाली.

खरी परीक्षा पावसाळ्यात. ओल्या पाटीवर मार्कर उमटत नाही, सोंगट्या मात्र चालतात, म्हणून बाण काढण्यापेक्षा सोंगट्या सरकवून शिकवा. आतला हार्डबोर्ड कोपऱ्यातून पाणी पितो आणि फुगतो. नवा असतानाच कडांना टेप लावा. कव्हरमध्ये ओला ठेवला तर बुरशी धरते, चेन गंजते. सोंगटीचं चुंबक सुटलं तर दोन्ही बाजू पॉलिश पेपरनं घासून, अराल्डाइटच्या दोन्ही ट्यूब समान घेऊन चिकटवा आणि रात्रभर हात लावू नका. चुकून पर्मनंट मार्कर चालला, तर त्याच रेघेवर व्हाइटबोर्ड मार्कर फिरवून लगेच पुसा.