सराव पाठाला दोलक कुठला घ्यावा: पडद्यावरचा की फोनचा?

बी.एड.च्या आंतरवासितेत विज्ञानाचे पाठ जवळ आले की छात्राध्यापक विचारतात, "मॅडम, तंत्रज्ञान वापरायचंय, पण घेऊ काय?" ठाणे-कळव्याच्या शाळांत सहज जमणारे आणि फुकट मिळणारे दोन पर्याय आहेत. पहिला फेट, म्हणजे कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेली सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर हाताळता येणारे आभासी प्रयोग. दुसरा फायफॉक्स, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात तयार झालेलं अ‍ॅप. ते फोनमधल्या सेन्सरांनाच मोजमापाला लावतं.

दोन्हींत साधा दोलक आहे, म्हणून तोच घेऊ.

फेटमध्ये दोरीची लांबी बदला, वस्तुमान बदला, दोलक चंद्रावर न्या. वस्तुमान वाढवलं तरी दोलनकाल तोच राहतो, हे अख्ख्या वर्गाला पाच मिनिटांत दिसतं. अनेक सिम्युलेशन्स मराठीत आहेत आणि आधी उतरवून ठेवली तर नेटवाचून चालतात. अडचण एकच: हा दोलक कधी चुकत नाही.

फायफॉक्सचा चुकतो, आणि मला तेच हवं असतं. कळव्याच्या एका शाळेत माझ्या छात्राध्यापिकेने खिडकीच्या गजाला दोरी बांधून प्लास्टिकच्या पिशवीत फोन लटकवला. दोरी गाठीपर्यंत बरोबर १ मीटर. दहावीचा वर्ग बघत होता आणि 'जी'ची, म्हणजे गुरुत्व त्वरणाची, किंमत ९.८ऐवजी आली ९.०७. तिचा चेहरा उतरला. अ‍ॅप बिघडलंय म्हणून ती फोन काढणार, एवढ्यात पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, फोन तर गाठीच्या खाली लोंबतोय ना?" पट्टी लावली. फोनचा मध्य गाठीखाली ८ सेंटिमीटर. अ‍ॅपमध्ये लांबी १.०८ भरली आणि उत्तर ९.८च्या जवळ आलं.

पिसा या शालेय मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या चौकटीत वैज्ञानिक साक्षरतेची तीन अंगं होती: घटनेचं शास्त्रीय स्पष्टीकरण देणं, तपासाची आखणी करून तो पारखणं, आणि मिळालेल्या पुराव्याचा अर्थ लावणं. पहिल्याला फेट उत्तम. उरलेली दोन त्या दिवशी मुलांच्या आधी माझ्या छात्राध्यापिकेच्या अंगी लागली.

दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलवरचा व्हिडिओ उजळणीला चांगला, पण पाठाचा कणा त्याच्यावर उभा करू नका.

एकच तासिका असेल तर फायफॉक्स घ्या आणि पाठ टाचणात चुकलेली नोंद खोडू नका. दोन असतील तर दुसरीला फेट घेऊन चंद्रावर जा. वायूचे रेणू किंवा तारेतले इलेक्ट्रॉन दाखवायचे असतील तर मात्र थेट फेटच, तिथे फोन कामाचा नाही. आणि आदल्या दिवशी फोन तपासा: फायफॉक्सच्या दोलकाला जायरोस्कोप, म्हणजे फोन किती वेगाने वळतोय ते मोजणारा सेन्सर, लागतो, तो बऱ्याच स्वस्त फोनमध्ये नसतो. नसलाच तर २० दोलनं हातातल्या घड्याळावर मोजा.