काचेचे काम उत्तम, माशांची घाई फार

मोठा गोड्या पाण्याचा फिशटँक घरी बसवून घ्यायचा झाला, तर इंदूरमधील दुकानदार टाकी बांधून आणणे, यंत्रे जोडणे आणि मासे सोडणे ही तिन्ही कामे एकाच बिलात धरतात. गेल्या ऑगस्टमध्ये मी ती एकाच दुकानाकडे सोपवली. पहिल्या कामाला मी पैकीच्या पैकी गुण देईन, दुसऱ्याला जेमतेम निम्मे, आणि तिसऱ्याला गुण द्यायचे की नाहीत, याचा विचार अजून चालू आहे. दुकानाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तक्रार मालकांना समोर बसून सांगितली आहे, आणि नंतर आणखी चार दुकाने पाहिली तेव्हा रीत सगळीकडे तीच असल्याचे दिसले.

टाकी पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच आहे. हिशेबाने हे वीस घनफूट, म्हणजे काठोकाठ ५६६ लिटर होतात. तळाची रेती, दगड आणि वरची चार बोटे मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्षात ४८० लिटरच्या आसपास पाणी राहते. पाणी, १२ मिलिमीटर जाडीची काच, रेती आणि लोखंडी घडवंची मिळून भार सातशे किलोपर्यंत जातो. लोकमान्य नगरातील आमचे घर तळमजल्यावर असल्यामुळे मी निर्धास्त होतो. तरीही टाकी भिंतीलगत ठेवावी, खोलीच्या मध्यभागी नको, हे दुकानाच्या कारागिराने न विचारता सांगितले. त्यांच्या आवारात टाकी दोन दिवस भरून ठेवली होती आणि प्रत्येक सांध्याखाली जुन्या वर्तमानपत्राची घडी सरकवली होती, म्हणजे एक थेंब जरी झिरपला तरी कागद ओला दिसावा. घरी आणल्यावर त्याने घडवंचीवर पाणसळ ठेवली, तेव्हा डावीकडचा मागचा पाय किंचित खाली निघाला. पुठ्ठ्याची घडी घालून वेळ मारून नेता आली असती. तो मात्र पत्र्याचे तुकडे कापून आणायला परत दुकानात गेला. मग घडवंचीवर प्लायवूड, त्यावर थर्माकोल आणि त्यावर टाकी. सिलिकॉनची रेघ आतून इतकी सरळ आहे की पाहुणे आधी तिच्याकडे पाहतात आणि मग माशांकडे. झाकण आणि घडवंची धरून या कामाचे अडतीस हजार रुपये झाले. ते मला मुळीच जास्त वाटले नाहीत.

यंत्रांच्या बाबतीत हा काटेकोरपणा दिसला नाही. कॅनिस्टर फिल्टरच्या, म्हणजे टाकीबाहेर ठेवायच्या डबाबंद फिल्टरच्या, खोक्यावर ताशी १४०० लिटर असा आकडा छापलेला होता. टाकीतील सगळे पाणी तासाभरात चार-पाच वेळा फिल्टरमधून फिरावे, हा ढोबळ नियम धरला तर मुळात हा आकडाही अपुरा होता. पण स्पंज आणि सिरॅमिकच्या कड्या भरल्यावर प्रवाह किती उरतो, हे दुकानात कोणी सांगितले नाही. मी परतीची नळी वीस लिटरच्या बादलीत सोडली आणि घड्याळ लावले. बादली भरायला नव्वद सेकंद लागले, म्हणजे ताशी ८०० लिटर. पुढे मला दुसरा फिल्टर जोडावा लागला. हीटरचेही तसेच झाले. दोनशे वॉटचा एकच हीटर दिला होता. पावसाळ्यात त्याची गरजच पडली नाही, पण जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली गेला, तेव्हा टाकीतील पाणी २१ अंशांवर उतरले. उष्ण कटिबंधातील माशांना २४ ते २७ अंश लागतात आणि लिटरमागे साधारण एक वॉट हा हिशेब दुकानदाराला पाठ असायला हवा. आता दोन्ही टोकांना अडीचशे वॉटचा एकेक हीटर आहे. एक बिघडला तरी दुसरा निदान रात्र निभावून नेतो.

पाण्याविषयी मात्र दुकानाला दोष देऊन चालणार नाही, कारण ते घरोघरी वेगळे असते. आमच्याकडे नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते आणि उरलेली गरज बोरिंगवर भागते. नर्मदेचे पाणी माझ्या टेस्ट किटवर ७.८ ते ८ पीएच दाखवते, म्हणजे अल्कधर्मी आहे. बोरिंगचे तर इतके जड की बादलीच्या कडेला पांढरी रेघ उमटते. टाकीतील पाणी बदलायचे असेल तर मी नर्मदेच्या पाण्याचा दिवस धरतो, दोन पिंप भरून त्यांत एअर पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा दगड रात्रभर चालू ठेवतो आणि तरीही क्लोरीन मारणारे थेंब घालतोच. दुकानाने सजावटीसाठी पांढऱ्या दगडांची एक पिशवी भेट दिली होती. एका दगडावर लिंबू पिळले, तर बारीक फेस आला. तो संगमरवर होता. पाणी आधीच अल्कधर्मी असताना त्यात चुन्याची भर नको, म्हणून ती पिशवी बागेतील कुंड्यांवर गेली.

आता मासे. टाकी भरली त्या दिवशी मालक म्हणाले, “तीन दिन पानी चला लीजिए, फिर मछली डाल देंगे,” आणि चौथ्या दिवशी त्यांचा मुलगा पाच हजार रुपयांचे ‘मिक्स पॅक’ घेऊन दारात उभा राहिला. त्यात वीस निऑन टेट्रा, चार एंजल, सहा टायगर बार्ब, चार गोल्डफिश आणि काच साफ करणारे म्हणून दोन ‘सकर’ होते. मी तेव्हा नवखा होतो, त्यामुळे पिशव्या आत घेतल्या. त्याने त्या वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवल्या, हे बरोबर केले. पण नंतर पिशवीतील पिवळट पाण्यासकट मासे टाकीत ओतले, हे चुकीचे केले. जाळीने मासे उचलून ते पाणी फेकून द्यायचे असते, कारण दुकानातील रोग त्याच पाण्यातून घरी येतो.

दहा दिवसांत तेरा मासे गेले. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात, आणि या दोन्ही जिवाणूंची वस्ती फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तीन दिवस पाणी नुसते फिरवले तर फक्त गढूळपणा जातो. शिवाय त्याच मोजमापाचा अमोनिया पीएच ८ असलेल्या पाण्यात पीएच ७ च्या तुलनेत सुमारे दहापट घातक ठरतो, म्हणून नर्मदेच्या पाण्यावर ही घाई अधिकच महागात पडते. पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकणारे निऑन पाहून मी दर एक दिवसाआड चाळीस टक्के पाणी बदलत राहिलो. नायट्राइट शून्यावर यायला सदतीस दिवस लागले, आणि तोवर मी एकही नवा मासा आणला नाही.

मेळ घालण्यातही विचार नव्हता. टायगर बार्ब एंजलचे लांब पर कुरतडतात. एंजल मोठा झाला की निऑन त्याच्या तोंडात मावतो. गोल्डफिशला गार पाणी मानवते आणि तो घाणही दुप्पट करतो. चार सेंटिमीटरचा सकर पुढे चाळीस सेंटिमीटरच्याही पुढे जातो, मग लोक त्याला तलावात सोडून मोकळे होतात आणि आज देशातील अनेक जलाशयांत तो स्थानिक माशांच्या जिवावर उठला आहे. यातील एकही गोष्ट विकताना सांगितली गेली नाही. उलट, अजून काय हवे असे विचारल्यावर ‘शार्क’ दाखवला. तो पंगासियस हा एक मीटरहून मोठा होणारा मासा आहे.

एक गोष्ट न्यायाने लिहायला हवी. त्याच दुकानातील मासे पकडून देणाऱ्या पोऱ्याने मला ऑक्टोबरमध्ये एका कोपऱ्यातील राखाडी, कोणी ढुंकूनही न पाहिलेल्या माशांकडे बोट दाखवले आणि सहा महिने थांबा असे सांगितले. ते बोसमनी रेनबो होते. ते मूळचे इंडोनेशियातील नैऋत्य पापुआमधल्या आयामारू तलावांचे. तिथले पाणी जड आणि अल्कधर्मी आहे, त्यामुळे या माशाला नर्मदेच्या पाण्यात कसलीच तक्रार नाही. लहानपणी तो अगदी बेरंग असतो, म्हणून दुकानात पडून राहतो. आज माझ्याकडील आठांपैकी तिघा नरांचा पुढचा अर्धा भाग निळा आणि मागचा शेंदरी झाला आहे, आणि सकाळी दिवा लागताच ते एकमेकांसमोर पर ताणून उभे राहतात. त्यांच्यासोबत बारा प्लॅटी, बारा झेब्रा डेनिओ, पाच पर्ल गौरामी, तळाशी दहा कोरी आणि शेवाळ खायला एक ब्रिसलनोज आहे. तो बारा-पंधरा सेंटिमीटरपर्यंतच वाढतो. प्रत्येक खेप वेगळ्या छोट्या टाकीत तीन आठवडे ठेवून मग आत सोडली, आणि दोन खेपांमध्ये पंधरा दिवसांचे अंतर ठेवले.

दोन्ही सकर आणि गोल्डफिश दुकानाने परत घेतले, पण पैसे दिले नाहीत. त्याऐवजी अॅन्युबियसची दोन रोपे दिली. मेलेल्या माशांबद्दल मालकांचे म्हणणे एवढेच, की नव्या टाकीत इतके होतेच. टाकी बांधायची असेल तर मी आजही कोणालाही याच दुकानात पाठवीन. मासे मात्र त्यांनी सांगितलेल्या दिवशी घेऊ नका आणि ‘मिक्स पॅक’ तर अजिबात घेऊ नका.

महिन्याकाठी सहाशे रुपयांत देखभाल करण्याचा करारही त्यांनी पुढे केला होता. त्यांच्या माणसाने पहिल्याच भेटीत फिल्टरचा स्पंज अंगणातील नळाखाली खळखळून धुतला. त्या नळाला नर्मदेचे क्लोरीनयुक्त पाणी होते आणि स्पंजात सदतीस दिवस जोपासलेले जिवाणू. करार मी तिथेच नाकारला. आता महिन्यातून एकदा टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत स्पंज हलके पिळतो, आणि ते तपकिरी पाणी आई कढीपत्त्याच्या मुळाशी ओतते.